वरचा आटा

माझा सगळा जन्म पाणी गळवण्यात गेला. हसू नका, खरं तेच सांगतोय. बुऱ्हाणपुरात, बुधवाऱ्यात, माझं ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. ठिबक म्हणजे तरी काय, नळीला ठरल्या अंतरावर भोकं पाडायची आणि त्यातून पाणी थेंबाथेंबानं गळू द्यायचं. केळीच्या बुडाशी थेंब पडला की शेतकरी खूश, आणि शेतकरी खूश तर मी खूश. आजूबाजूच्या गावांत मी स्वतः गुडघ्यांवर बसून नळ्या जोडल्या आहेत, आजही जोडतो, आणि माझ्यासारखा जोड इकडे कुणी मारत नाही हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरा कुणी सांगत नाही. अशा माणसाला त्याच्या पोटच्या पोरीनं सांगावं, "पप्पा, एक थेंबसुद्धा पडता कामा नये, नाहीतर सगळं खलास!" माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मी काय काल धंद्यात आलोय?

पण झालं होतं असं. माझी लेक हैदराबादच्या एका ऑफिसचं काम करते. न बांधलेल्या इमारतींची पिक्चर काढायचं काम. म्हणजे हॉटेलच्या जागी अजून नुसता खड्डा असतो, पण हिच्या कॉम्प्युटरवर ते उभं असतं, आत दिवे लागलेले असतात, सोफ्यावर ऊन पडलेलं असतं आणि आपण दारातून चालत आत जातोय असं दिसतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी विचारलं, "हे कुठलं गं हॉटेल?" ती म्हणाली, "नाहीये अजून." मला वाटलं, मजा करतेय. आधी ती हैदराबादलाच राहायची, पण गेलं वर्षभर ती हे काम घरी बसून करत होती, वरच्या मजल्यावरच्या खोलीत. आणि यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर ऑफिसनं कळवलं, की घरून काम बास झालं, हैदराबादला या, इथं मोठी मशिनं आहेत. हिनं उलट कळवलं, की मी घरीच तेवढं मोठं मशीन बनवते, एक काम देऊन बघा. त्यांनी तीन मिनिटांचं पिक्चर दिलं आणि गुरुवारपर्यंतची मुदत दिली. गुरुवारी पिक्चर गेलं तर पुढंही घरून. नाही गेलं तर बॅग भरायची.

मला ती घरात हवी होती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी जो गाढवपणा केला तो का केला ते कळेल. एकुलती एक पोर. तिच्याशी माझं दिवसातून तीनदा भांडण होतं, चहावरून, पंख्यावरून, मोबाईलवरून, आणि ती नसली की मी जेवताना ताटाशी भांडतो, असं माझी बायको म्हणते. पण हे पोरीला सांगायचं कसं? आमच्या घरात असं बोलायची पद्धतच नाही. आमच्याकडे माया दाटून आली की माणूस ओरडतो.

जुना कॉम्प्युटर तसा वाईट नव्हता. पण आमचं गाव पडलं पॉवरलूमचं. घराच्या दोन्ही अंगांना लूम, दिवसभर खटखट, आणि हवेत कापसाचे बारीक तंतू. ते मच्छरदाणीवर बसतात, चहावर बसतात आणि कॉम्प्युटरच्या पंख्यात जाऊन तर त्यांची गादीच तयार होते. वरून आमच्याकडचं मे महिन्याचं ऊन. वीस मिनिटं पिक्चर चाललं की कॉम्प्युटर तापून आपोआप बंद. मी उपाय केला. कूलर उचलून त्याच्यासमोर आणला, कॉम्प्युटरचं बाजूचं झाकण काढलं आणि कूलर फुल्लवर सोडला. थंडगार हवा, काय वाईट? पोरगी खोलीत आली आणि अशी किंचाळली की शेजारचा लूमवाला लूम सोडून बाहेर आला. कूलरच्या हवेबरोबर पाण्याचे तुषारही येतात, ते सगळे आतल्या सर्किटच्या पाट्यांवर बसले होते. मग तापतो म्हणून ज्याला कूलर लावला, तोच कॉम्प्युटर मी दोन दिवस गच्चीवर उन्हात वाळत घातला. बायको त्याच्या शेजारी पापड वाळत घालायची आणि दोन्हीकडे लक्ष ठेवायची.

आणि तीच पोरगी आठ दिवसांनी मला म्हणते, की नव्या कॉम्प्युटरमध्ये मी पाणी फिरवणार आहे!

"कूलरचे चार थेंब उडाले तर तू मला खायला उठलीस," मी म्हणालो, "आणि आता स्वतः लिटरभर ओतणार?"

"पप्पा, ते बाहेरून होतं. हे नळीच्या आतून जाणार."

मग तिनं कागदावर काढून दाखवलं. आत एक बारकी मोटर. तिच्या डोक्यावर पेल्याएवढी टाकी. कॉम्प्युटरचे जे दोन भाग जास्त तापतात त्यांच्यावर तांब्याची एकेक डबी बसवायची. मोटर पाणी ढकलते, पाणी डब्यांमधून जाताना उष्णता उचलतं, तिथून गाडीला असतो तसल्या रेडिएटरमध्ये जातं, गार होतं आणि परत टाकीत. मी चष्मा लावून बघितलं. टाकी, मोटर, नळ्या, जोड.

"अगं, हे तर माझंच काम आहे!" मी म्हणालो.

तिचा चेहरा पडला. आता मला कळतं का पडला ते.

शनिवारी सकाळी उजाडताच सगळं सामान वरच्या खोलीत मांडलं. नेमका त्याच दिवशी माझा मेव्हणा देडतलाईहून कैऱ्यांची गोणी घेऊन आला होता. तो कपाशीवाला माणूस, दोन विहिरी आणि तीन मोटरी सांभाळतो. तो दारात उभा राहून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "भाऊजी, आमच्या मोटरीत पानी गेलं का ते जळते. अन् तुम्ही मुद्दाम कायले घालून ऱ्हायले?"

मी त्याच्यावर ओरडलो, की तुले काय कळते त्यातलं, खाली जाऊन चहा पी. तो गेला, पण जिन्यावरून हसत गेला. समोरच्या काकू तेवढ्यासाठी वर आल्या आणि कॉम्प्युटरच्या पेटीला काच होती तिच्यातून वाकून बघून विचारू लागल्या, "मासे कधी सोडणार?" आमची पोरगी कधी नाही ते गंभीरपणे म्हणाली, "सोमवारी."

आता जोडाचं सांगतो. त्या नळीच्या टोकाला पितळेचा चकचकीत जोड बसतो. त्याच्या बुडाला आटे असतात आणि आट्यांच्या वर एक काळी रबरी रिंग, अंगठीपेक्षा लहान. मी पहिला जोड हातात घेतला, उलटासुलटा केला आणि खिशातून टेफ्लॉन टेप काढली.

"ते नाही लागत," ती म्हणाली.

"काय नाही लागत?"

"टेप. पाणी ती रिंग अडवते."

"एवढीशी रिंग? बरं, टेप नको तर सूत आणि सफेदा लावू. पक्कं काम."

"पप्पा! सूत, सफेदा, टेप, सोल्युशन, कुछ भी नहीं. नुसतं बोटांनी फिरवायचं. रिंग टेकली की अजून थोडंसं, आणि बस. पक्कड तर बिलकुल नाही. डबीचं झाकण प्लॅस्टिकचं आहे, रिंग चिरडली तर गळणार."

मी ऐकून घेतलं. म्हणजे कानांनी ऐकलं. हातांना कोण सांगणार? आमच्या धंद्यात एक चाल आहे. जोड पूर्ण आवळून झाला, आता फिरतच नाही असं वाटलं, की पक्कडीनं आणखी एक फेर द्यायचा. त्याला मी वरचा आटा म्हणतो. माझ्या उस्तादानं मला हेच शिकवलं, आणि मी आजवर जेवढी पोरं तयार केली त्यांना हेच शिकवलं. हिंदी बोलणाऱ्या गिऱ्हाइकांची यावर पंचाईत होते. मी शेतात ओरडतो, "वरचा आटा दे, वरचा आटा," आणि मालक म्हणतो, "सेठ, आटा घर में है, कितना लाऊँ?" ते असो. शेतात वरच्या आट्यानं कधी नुकसान झालं नाही. झालंच तर जोड चिरतो, दोन थेंब मातीत जातात आणि केळी कधी तक्रार करत नाही.

दहा वाजेपर्यंत तिनं एकटीनं जवळजवळ सगळे जोड बसवले. मी बाजूला स्टुलावर बसून होतो आणि दर पाच मिनिटांनी म्हणत होतो, "बघ हं." शेवटी एक जोड उरला. तो तिला अडचणीचा जात होता, कारण तो सगळ्यात महागड्या पाटीच्या बरोबर वर होता. हीच पाटी पिक्चर काढते. तिनं माझ्याकडे बघितलं. माझ्यावर दया आली असणार.

"हा तुम्ही लावा," ती म्हणाली. "पण बोटांनीच."

मी बोटांनीच लावला. देवाशपथ सांगतो, बोटांनीच. तिनं हात लावून बघितला, "परफेक्ट" म्हणाली आणि बॅटरीच्या पाण्याचे कॅन आणायला खाली गेली. साधं नळाचं पाणी चालत नाही म्हणे, क्षार असतात. मी खोलीत एकटा राहिलो, मी आणि तो जोड. मी त्याच्याकडे बघत होतो. नुसता बोटांनी लावलेला जोड! खाली सगळ्यात महागडी पाटी! त्या पाटीवर माझ्या पोरीचं घरात राहणं अवलंबून, आणि मी तो बोटांनी लावून स्टुलावर बसणार? खिशातली पक्कड काढली, चकाकी जाऊ नये म्हणून तिला रुमाल गुंडाळला आणि वरचा आटा दिला. पूर्ण नाही. अर्धाच. दिला आणि कसं शांत वाटलं म्हणून सांगू!

पाणी भरायच्या आधी माझी बायको पूजेचं ताट घेऊन आली. शेतात नवी मोटर बसली की हळदीकुंकू लावून नारळ फोडायचा आणि मगच बटण दाबायचं, हे तिच्या माहेरचं. तिचं म्हणणं, ही मोटर बारकी आहे म्हणून काय झालं. तिनं काचेला कुंकू लावलं, मोटरीवर अक्षता टाकायला निघाली तेव्हा पोरीनं तिचा हात धरला. मग बायकोनं नारळ उचलला आणि इकडेतिकडे फोडायला जागा शोधू लागली.

"बाहेर!" आम्ही बापलेक एकदमच ओरडलो. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच आमचं दोघांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालं होतं. बायकोनं नारळ खाली पायरीवर फोडला आणि दिवसभर आमच्याशी बोलली नाही.

मग परीक्षा. बाकी कॉम्प्युटरला वीज द्यायचीच नाही, फक्त ती बारकी मोटर वेगळ्या अ‍ॅडॅप्टरवर चालवायची आणि पाणी फिरत ठेवायचं, चोवीस तास. हात पुसायचे ते पांढरे मऊ कागद असतात ना, त्यांच्या घड्या करून तिनं एकेका जोडाखाली ठेवल्या. कुठं गळलं तर कागद ओला होणार. मला हे पटलं नाही. आम्ही शेतात मोटर चालू करून नळीच्या कडेनं चालत जातो, जिथं कारंजं दिसेल तिथं गळतंय. पण मोटर चालू झाली, टाकीत पाणी गोल फिरायला लागलं, नळ्यांमधले बुडबुडे पळत गेले, आणि खरं सांगतो, मला ते फार आवडलं. संध्याकाळी कागद कोरडे. रात्री झोपायच्या आधीही कोरडे. मी वरच्या आट्याची मनातल्या मनात पाठ थोपटली.

रविवारी सकाळी साडेआठला मी चहाचा कप घेऊन वर गेलो. पोरगी आंघोळीला गेली होती. मी वाकून एकेक कागद बघत गेलो. कोरडा. कोरडा. कोरडा. आणि महागड्या पाटीवरच्या कागदावर रुपयाएवढा ओला डाग.

माझा जोड! बाकी सगळे तिचे, एकही गळला नाही. गळला तो माझा, ज्याला मी सगळ्यांपेक्षा जास्त आवळला होता. कप कुठं ठेवला तेही आठवत नाही. अशा वेळी शहाणा माणूस काय करेल? पोरीला हाक मारेल. मी काय केलं? ओला कागद काढून खिशात घातला, पुड्यातला नवा कागद काढून तशीच घडी केली आणि तिथं ठेवली. आणि पक्कड काढून राहिलेला अर्धा आटा दिला. तीस वर्षांत कुणी माझ्या जोडाला नाव ठेवलं नाही, आणि आता घरातली पोर ठेवणार? आता गळणार नाही, मी स्वतःला म्हणालो. मिटलं.

पुढचे दोन तास मी खोलीतून हललो नाही. बायकोनं दोनदा नाश्त्याला बोलावलं. मी "आलो" म्हणालो आणि बसून राहिलो. कागद कोरडा. अजून कोरडा. पोरगी येऊन बसली, तिनं सगळे कागद बघितले, माझ्याकडे बघितलं. खिशातला ओला कागद मांडीला गार लागत होता. पावणेअकराला ती म्हणाली, "चोवीस तास होत आले. सगळं कोरडं आहे ना पप्पा?"

"हो," मी म्हणालो. आवाज माझा नव्हताच.

"मग करू चालू? पूर्ण?"

"कर की."

तिनं आतल्या वायरी जोडल्या. एकेक करत होती, सावकाश, कधी नाही इतकी सावकाश. मग तिनं बटणावर बोट ठेवलं. मी त्या जोडाकडे बघत होतो. एक थेंब, फक्त एक थेंब पडला तर पाटी गेली. पाटी गेली की गुरुवार गेला. गुरुवार गेला की ही बॅग भरणार. आणि हे सगळं कशापायी, तर मला माझ्या पोरीसमोर खाली बघावं लागू नये म्हणून?

"थांब!" मी इतक्या जोरात ओरडलो की खालून बायको धावत वर आली. "थांब, थांब, दाबू नको! तो गळतोय! माझा जोड गळतोय! सकाळी ओला होता, मी कागद बदलला!" आणि खिशातून तो चोळामोळा झालेला कागद काढून टेबलावर ठेवला.

पोरीनं बोट काढलं. मग तिनं पाटीवरचा कोरडा कागद उचलला आणि माझ्यासमोर धरला.

"मी सगळ्या कागदांवर पेन्सिलीनं आकडे घातले होते, पप्पा. याच्यावर नाहीये."

मी टेबलावरचा उलगडून बघितला. कोपऱ्यात बारीक अक्षरात सात लिहिलेलं होतं.

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"नऊ वाजल्यापासून."

"आणि तू बटण दाबणार होतीस?"

तिनं पायानं टेबलाखाली दाखवलं. मुख्य वायरचं टोक जमिनीवर पडलेलं होतं, बोर्डात लावलेलंच नव्हतं.

मग मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, बापाचा जीव जायची वेळ आणली, आणि वायर लावलेलीच नाही? ही काय पद्धत झाली? लाज नाही वाटत? मी चांगला पाच मिनिटं बोललो. बायको दाराला टेकून म्हणाली, "अहो, कागद कुणी बदलला?" मी बसलो. ती म्हणाली, "कधीपासून वाट बघत होती ती, तुम्ही बोलाल म्हणून. तुम्ही बोललात ना? झालं तर मग." आणि पोह्यांची बशी माझ्या हातात दिली. पोरगी माझ्याकडे बघून हसली नाही, रागावलीही नाही. नुसती म्हणाली, "पप्पा, तुम्ही सगळंच फार आवळता."

मी पोह्यांची बशी स्टुलावर ठेवून दिली.

मोटर बंद करून, पाणी काढून जोड उघडला. काळी रिंग अर्धी तुटली होती. माझ्या अर्ध्या आट्यानं चिरडली आणि दुसऱ्या अर्ध्यानं कापली. दोन तास तिनं कसं पाणी धरलं देव जाणे. डबीचे आटे सुदैवानं शाबूत होते. पण तसली जादा रिंग पोरीकडे नव्हती, मागवायची तर चार दिवस, आणि गुरुवार समोर. ती पहिल्यांदाच खुर्चीत मागं रेलून बसली आणि डोळे मिटले. तिचं ते तोंड मला बघवलं नाही. मी चप्पल घातली, दुकानात गेलो, रविवार असून शटर वर केलं आणि आतले सगळे डबे खाली काढले. फिल्टरच्या रिंगा, व्हॉल्व्हच्या रिंगा, फवारणी पंपाच्या रिंगा. लोक विचारायला लागले, चोरी झाली का. मी सगळ्या रिंगा एका पिशवीत भरून घरी आणल्या आणि पलंगावर ओतल्या.

आम्ही दोघं पलंगावर मांडी घालून बसलो. ती जुनी रिंग घेऊन एकेक लावून बघायची. ही मोठी. ही जाड. ही कडक झालीय. बायको कैऱ्या चिरता चिरता मध्येच एक उचलून द्यायची, "ही बघ गं." शेवटी फवारणी पंपाच्या दांडीतली एक रिंग निघाली, तोच घेर, तीच जाडी. पोरीनं ती जुनीवर ठेवून दिव्यासमोर धरली. मग माझ्या पाठीत एक धपका मारला. "पप्पा, मान गए!"

"लाव मग," मी म्हणालो.

"तुम्हीच लावा."

"मी नाही लावणार."

"तुम्हीच लावायचा. बोटांनी."

आयुष्यात हजारो जोड लावले, पण एवढ्या हळू एकही नाही. मी फिरवत गेलो. रिंग टेकली हे बोटांना कळलं. थोडं आणखी. "बस," ती म्हणाली. माझी बोटं तिथंच राहिली. "पप्पा, बस." मी सोडला. पक्कड मी आपणहून बायकोच्या हातात दिली. तिनं ती आपल्या साड्यांच्या कपाटात ठेवली आणि किल्ली कमरेला लावली. मंगळवारी गिऱ्हाइकाकडे जायचं होतं तेव्हा मला माझी पक्कड मागून घ्यावी लागली.

पुन्हा चोवीस तास. या वेळी मी खोलीकडे फिरकलो नाही. सोमवारी दुपारी तिनं खाली हाक मारली, मी वर गेलो. सगळे कागद ओळीनं टेबलावर मांडलेले होते, आकड्यांसकट, सगळे कोरडे. मुख्य वायर बोर्डात लावलेली होती, ती मी आधी बघून घेतली. तिनं बटण दाबलं. दिवे लागले, रेडिएटरचे पंखे फिरले, पडदा उजळला. ती पडद्याकडे बघत होती, मी जोडाकडे. बाहेर रस्त्यावर ऊन रटरटत होतं आणि ते मशीन दोन दिवस दोन रात्री चाललं, एकदाही बंद पडलं नाही. बुधवारी संध्याकाळी पिक्चर गेलं. मुदतीच्या एक दिवस आधी. समोरच्या काकू अधूनमधून माशांची चौकशी करतात.

उत्तर पुढच्या आठवड्यात आलं. मी दुकानात होतो. एक गिऱ्हाईक नळीचं बंडल खांद्यावर घेऊन निघण्याच्या बेतात होतं, आणि पोरगी उन्हातून चालत आली, डोक्यावर ओढणी, हातात मोबाईल. काउंटरला टेकून म्हणाली, "पप्पा, हो म्हणाले. घरून चालेल. पण असंही म्हणताहेत, की हैदराबादला आले तर मोठी पोस्ट देतील. संध्याकाळपर्यंत सांगायचंय. काय करू?"

माझ्या जिभेवर आलं होतं, तुझी मर्जी. नेहमी तेच येतं. एवढं बोललं की बाप मोकळा. पण मी बोललो ते वेगळंच.

"राहा," मी म्हणालो. "इथं राहा. मला तू घरात हवी आहेस. जायचंच असेल तर जा, मी अडवणार नाही, पण मला विचारतेस तर राहा."

गिऱ्हाईक बंडल खांद्यावर घेऊन तिथंच थबकलं. पोरीचे डोळे भरून आले आणि ती चिडली. माझीच पोर, तिला रडू आलं की राग येतो.

"मग हे आधी बोलायला काय झालं होतं? वर्ष झालं मला! मला वाटत होतं, मी घरात बसलेली तुम्हाला आवडत नाही."

"हे कुणी सांगितलं तुला?"

"तुम्हीच. मी सगळं सामान घेऊन आले ना, त्या दिवशी स्टेशनवर. गाडीतून उतरले नाही तोच तुम्ही माझ्यावर ओरडलात, कशाला आलीस?"

मग आठवलं, तो प्लॅटफॉर्म, ते ऊन, आणि दोन तास उशिरा आलेली ती गाडी, तिचा कर्कश भोंगा, ज्यात माझं अर्धं वाक्य गेलं.

"अगं, या गाडीनं कशाला आलीस, असं म्हणालो होतो मी! दोन तास उन्हात उभा होतो तुझ्यासाठी!"